वॉर्डात पहिला मृत्यू पाहिल्यानंतर

भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षाला ९ जानेवारी २०२१ च्या मध्यरात्रीनंतर आग लागली. १७ बाळांपैकी १० दगावली. पुढे निलंबने झाली, दोन परिचारिकांवर गुन्हाही दाखल झाला. दोष कोणाचा, ते ठरवणे न्यायालयाचे काम. पण चूक झाली तर आधी बोट आपल्याकडे वळेल, ही भीती नर्सिंगची विद्यार्थिनी पहिल्या वर्षापासून बाळगते.

लाखांदूर किंवा मोहाडीच्या खेड्यातून बारावी होऊन आलेली मुलगी काही महिन्यांतच वॉर्डात उभी राहते. तिच्यासमोर रुग्ण जातो. त्याचे अंग पुसून, नोंदी पूर्ण करून ती वसतिगृहात येते आणि दुसऱ्या दिवशीच्या चाचणीचा अभ्यास करते. ‘तू ठीक आहेस ना?’ असे विचारण्याची वेळ वेळापत्रकात नसते. त्यात रात्रपाळीने झोपेची घडी विस्कटते. अपुरी झोप नैराश्याला हातभार लावते आणि नैराश्य झोप उडवते.

थकवा सुटीत ओसरतो. पण उदासी किंवा कशातच रस न वाटणे दोन आठवडे जवळपास रोज टिकले, सोबत भूक, झोप, एकाग्रता बिघडली, तर तो आळस नव्हे; तपासणी हवी. मरणाचे विचार येत असतील तर दोन आठवडे थांबूच नये.

सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शैक्षणिक संस्थांना किमान एक प्रशिक्षित समुपदेशक नेमण्यास सांगितले. मेख इथेच आहे. २० जागांच्या जीएनएम शाळेत तीन वर्षांचे मिळून ६०च विद्यार्थी होतात. अशा लहान संस्थांनी बाहेरच्या मानसोपचार तज्ज्ञांशी रीतसर दुवा ठेवायचा आहे. तो कागदावर आहे की दूरध्वनी क्रमांकासह फलकावर, हे पालकांनी प्रवेशाच्या वेळीच विचारावे. आणि मृत्यू झालेल्या पाळीनंतर ट्यूटरने मुलींना घेऊन दहा मिनिटे बसायला वेगळा निधी लागत नाही.

अडचण आणखी एक. जिथे शिकतो त्याच रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात केसपेपर काढायचा, तर खिडकीवरचा माणूसही ओळखीचा! २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने गोपनीयतेचा हक्क दिला आहे, तरी संकोच राहतोच. त्यांच्यासाठी ‘टेलिमानस’चा १४४१६ हा क्रमांक आहे. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो, आणि मराठीतून बोलता येते.