मूल आळशी नाही, अक्षर अडतंय!



मुलुंडला माझ्या तिसरीच्या वर्गात एक मुलगा होता. गोष्ट सांगायला लागला की सगळा वर्ग गप्प. तोंडी हिशेब पटापट. पण वाचायला उभा केला की 'घर'चं 'धर' व्हायचं. मी काय केलं? चुकलेला शब्द दहा वेळा लिहून आणायला लावला. त्याने दहाही वेळा चुकीचाच लिहिला. मग मी वहीवर 'लक्ष नाही' असा शेरा मारला. आज त्या शेऱ्याची मला लाज वाटते.

डिस्लेक्सिया म्हणजे बुद्धी कमी असणं नव्हे. अक्षर आणि त्याचा आवाज यांची जोडी अशा मुलांच्या मनात सहज जुळत नाही. भ-म, थ-य यांत गोंधळ होतो, काना-वेलांटी गळते, जोडाक्षर आलं की गाडी अडते. पहिलीत हे बहुतेकांचं होतं. पण भरपूर सरावानंतरही तसंच राहिलं आणि तोंडी उत्तरं मात्र चोख असतील, तर थांबू नका. आधी डोळे-कान तपासून घ्या.

आपल्याकडे दाखल्याची आठवण येते नववी-दहावीत, बोर्डाच्या सवलतीसाठी. तोवर मुलाने स्वतःला 'ढ' ठरवून टाकलेलं असतं. खरं तर साधारण आठव्या वर्षापासून रीतसर तपासणी होऊ शकते. मुंबईत सायनचं टिळक रुग्णालय आणि नायर रुग्णालय इथे ती सोय आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातही अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. त्यामुळे आपण मुलावर मेहेरबानी करत नाही, तो त्याचा हक्कच आहे.

पण वर्गातली मदत दाखल्यासाठी अडवून ठेवू नका. सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायची सक्ती नको. वाचताना ओळीखाली पट्टी धरू द्या. ताटात रवा पसरून आवाज म्हणत अक्षर गिरवू द्या. प्रश्न वाचून दाखवा, उत्तर तोंडी घ्या. परिसर अभ्यासात उत्तर बरोबर असेल तर वेलांटीसाठी गुण कापू नका.

पालकहो, "ताई बघ कशी वाचते" हे वाक्य घरात बंद करा. आणि शिक्षकहो, उद्या वह्या तपासताना लाल पेन उचलण्याआधी एकदा त्या मुलाला जवळ बोलवा, तेच उत्तर तोंडी विचारा. मी हे फार उशिरा केलं. तुम्ही तरी वेळेत करा.