घाणेरीचा अर्क आणि अरण्याचे हित

घाणेरी किंवा टणटणी या नावाने परिचित असलेले झुडूप मूळचे उष्णकटिबंधीय अमेरिकेतील. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी ते शोभेसाठी कलकत्त्याच्या वनस्पति-उद्यानात आणले गेले. पुढे पक्ष्यांनी त्याची फळे खाऊन बिया दूरवर पसरविल्या. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीनुसार भारतातील वनक्षेत्राच्या फार मोठ्या भागात या झुडपाने शिरकाव केला आहे. त्याच्या दाट जाळीखाली गवत वाढत नाही व वृक्षांची रोपे तगत नाहीत.

याच घाणेरीच्या पानांत व्हर्बास्कोसाइडसारखी फिनॉल वर्गातील द्रव्ये असतात. ती ऑक्सिडीकरणास प्रतिबंध करतात. तेल ज्या क्रियेने खवट होते, ती क्रिया अशा द्रव्यांमुळे मंदावते. सावलीत वाळविलेल्या पानांची पूड अल्कोहॉलात भिजवून गाळली व अल्कोहॉल उडवून दिले, म्हणजे दाट अर्क उरतो. डी.पी.पी.एच. नावाच्या द्रव्याच्या जांभळ्या विद्रावात तो मिसळला असता विद्राव पिवळा पडू लागतो. त्यावरून अर्काचे सामर्थ्य मोजता येते.

तेव्हा उपद्रवी झुडपाचे सोने करावे, असे कोणासही वाटेल. आमच्या मते हा उद्योग इष्ट आहे. मात्र दोन अटींवर.

पहिली अट शुद्धतेची. याच पानांत लँटाडीन नावाची विषारी द्रव्ये असतात. पाला खाल्लेल्या गुरांचे यकृत त्यांमुळे बिघडते, कावीळ होते व उन्हाने कातडी सोलवटते. लँटाडीनेही अल्कोहॉलात विरघळतात; म्हणजे गुणाबरोबर विषही अर्कात उतरते. ते वेगळे काढल्याची खात्री पटल्यावाचून हा अर्क अन्नात वा औषधात वापरणे अनुचित होय. परीक्षानळीतील रंगबदल म्हणजे रोग्याला आलेला गुण नव्हे. आणि नैसर्गिक म्हणजे निर्धोक, असेही नव्हे.

दुसरी अट अरण्याच्या हिताची. नुसती पाने खुडली, तर झुडूप पुन्हा फुटते. अर्काला भाव आला की घाणेरी राखण्याचा, किंबहुना लावण्याचाही मोह होईल. म्हणून मोबदला पाल्याच्या वजनावर न देता, मुळासकट मोकळ्या केलेल्या जमिनीवर द्यावा आणि त्या जागी देशी गवत व वृक्ष लावावेत. कर्नाटकातील मलै महादेश्वर डोंगरांत सोलिग लोक घाणेरीच्या काठ्यांपासून खुर्च्या-टेबले बनवितात. अशा लोकांना या कामात प्रथम स्थान मिळावे.

कच्चा माल संपत जाणे हे कोणत्याही कारखान्याचे अपयश मानले जाते. येथे मात्र तेच यशाचे गमक मानावे लागेल.