पुढारी ठळक, मोर्चा धूसर

मोर्चाच्या चित्रफितीतील चालते दृश्य मध्येच थांबवावयाचे, पुढाऱ्याची आकृती कडेकडेने वेगळी काढावयाची आणि तिच्यामागचे सारे धूसर करावयाचे, ही रीत आता आपल्याही प्रचारात शिरली आहे. भिंगाच्या मर्यादेमुळे पार्श्वभूमी अंधूक होई, तेव्हा दोष यंत्राकडे जाई. संगणकावर ती बुद्धिपुरस्सर पुसली जाते, तेव्हा जाब पुसणाऱ्यालाच विचारला पाहिजे.

१९४१ च्या ‘सिटिझन केन’मध्ये छायाचित्रणकार ग्रेग टोलंड यांनी जवळचे आणि दूरचे दोन्ही सारखेच स्पष्ट ठेवले. काय पाहावे, हे त्यामुळे प्रेक्षकाला ठरविता आले. आपण मात्र हा अधिकार त्याच्याकडून काढून घेत आहोत!

मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईस चालत आलेल्या शेतकऱ्यांच्या सोललेल्या तळव्यांनी महाराष्ट्र हेलावला. ते तळवे धूसर केले असते, तर मागे काय उरले असते?

दडपशाहीपासून वाचविण्यासाठी साथींचे चेहरे झाकणे हे कर्तव्यच होय. पुढारी उठून दिसावा म्हणून ते पुसणे ही निखळ व्यक्तिपूजा आहे. असा धोका नसेल तेथे मागच्या रांगेतील माणूसही ओळखू आला पाहिजे, असा आग्रह प्रत्येक शाखेने धरावा.