यंत्र आले, तंत्र मात्र राहिले!

ऑगस्ट २०१४ मध्ये नागपूरच्या रस्त्यांवर हिरव्या रंगाची एक बस धावू लागली, तेव्हा तिचे कौतुक साऱ्या देशात झाले. स्वीडनच्या स्कॅनिया कंपनीची ही बस डिझेलवर नव्हे, तर इथेनॉलवर चालणारी होती. उसाच्या मळीपासून मिळू शकणारे इंधन, स्टॉकहोममध्ये अनेक वर्षे पारखले गेलेले इंजिन आणि धुराने त्रासलेले मध्य भारतातील एक शहर असा हा योग जुळून आला होता. पुढे डिसेंबर २०१६ मध्ये अशा ५५ बसगाड्यांचा ताफा उभारण्याचे ठरले. प्रत्यक्षात तेवढ्या गाड्या रस्त्यावर आल्याच नाहीत. थकलेली देयके आणि आगारातील सुविधा यांवरून कंपनी व महापालिका यांच्यात वाद झाला आणि ऑगस्ट २०१८ मध्ये या गाड्या थांबल्या.

यात चूक कोणाची, हा या लेखाचा विषय नाही. दोन्ही बाजूंकडे आपापली कैफियत आहे. विचार करण्याजोगी गोष्ट वेगळीच आहे. ज्या दिवशी कंपनी थांबली, त्या दिवशी सेवाही थांबली. चार वर्षांत नागपूरला बस मिळाली, पण बसमागची विद्या मिळाली नाही. हवामान बदलाला तोंड देणारे तंत्रज्ञान श्रीमंत देशांनी गरीब देशांना द्यावे, या गेल्या तीन दशकांच्या जागतिक वादाचे सार या एका उदाहरणात सापडते.

हा वाद १९९२ च्या रिओ परिषदेइतका जुना आहे. त्या वर्षी मान्य झालेल्या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान करारातील चौथ्या कलमात विकसित राष्ट्रांनी पर्यावरणपूरक तंत्रज्ञानाच्या हस्तांतरणाला चालना द्यावी, ते सुलभ करावे आणि त्यासाठी पैसाही पुरवावा, असे स्पष्ट म्हटले आहे. विकसनशील देश आपली कर्तव्ये किती पार पाडतील, हे या मदतीवर अवलंबून राहील, अशी कबुलीही त्याच कलमात आहे. त्यानंतर २००७ च्या बाली परिषदेत या विषयाला पुन्हा अग्रस्थान मिळाले. ऑक्टोबर २००९ मध्ये खुद्द नवी दिल्लीत याच विषयावर आंतरराष्ट्रीय परिषद भरली. कानकून येथे २०१० साली एक स्वतंत्र तंत्रज्ञान यंत्रणा स्थापन झाली. पॅरिस कराराच्या दहाव्या कलमानेही २०१५ मध्ये तेच आश्वासन दिले. आश्वासनांचा दुष्काळ कधीच नव्हता!

मग घोडे अडते कुठे? विकसित राष्ट्रांचे म्हणणे असे की, तंत्रज्ञान सरकारच्या मालकीचे नसते. ते खासगी कंपन्यांचे असते आणि त्यांच्यावर ते फुकट देण्याची सक्ती करता येत नाही. विकसनशील देशांचे उत्तर असे की, पृथ्वी तापवून संपन्न झालेल्यांनी आता पेटंटच्या भिंती उभ्या करू नयेत. दोन्ही युक्तिवादांत तथ्य आहे आणि दोन्ही अपुरे आहेत. कानकूनच्या यंत्रणेतून निर्माण झालेले तंत्रज्ञान केंद्र मागणाऱ्या देशाला सल्ला देते, तज्ज्ञ पुरवते. परंतु पेटंट विकत घेऊन वाटणे हे त्याचे काम नाही.

याबाबत ओझोनच्या थराचे उदाहरण बोलके आहे. मॉन्ट्रियल कराराखाली १९९१ मध्ये स्वतंत्र निधी उभारला गेला आणि जुनी शीतवायू रसायने सोडण्यासाठी विकसनशील देशांतील कारखान्यांना त्यातून मदत मिळाली. पर्यावरणाच्या क्षेत्रातील हा सर्वांत यशस्वी करार मानला जातो. तरीही पर्यायी रसायन असलेल्या एचएफसी-१३४ए चे तंत्रज्ञान भारतीय उत्पादकांनी मागितले, तेव्हा सांगितली गेलेली किंमत त्यांच्या आवाक्याबाहेरची होती. अखेर भारतीय उद्योगाने ते स्वतःच्या संशोधनातून विकसित केले. हेच रसायन पृथ्वी तापवणारे असल्याचे ध्यानी घेऊन पुढे २०१६ च्या किगाली दुरुस्तीने त्याचा वापर टप्प्याटप्प्याने घटवण्याचे ठरवले आणि भारताने २०२१ मध्ये तिला मान्यता दिली. तंत्रज्ञानाची शर्यत अशी सतत पुढे सरकत असते. आज मिळालेले यंत्र उद्या जुने होते; टिकते ती नवे घडवण्याची क्षमता.

म्हणूनच तंत्रज्ञान या एका शब्दाचे तीन थर वेगळे करून पाहिले पाहिजेत. पहिला थर प्रत्यक्ष यंत्राचा. दुसरा, ते चालवण्याच्या आणि दुरुस्त करण्याच्या कौशल्याचा. तिसरा, ते नव्याने घडवण्याच्या आणि आपल्या गरजेप्रमाणे बदलण्याच्या ज्ञानाचा. आंतरराष्ट्रीय सहकार्याच्या नावाखाली बहुतेक वेळा पहिलाच थर येतो आणि तोही पुष्कळदा कर्जाऊ.

नागपूरच्या मेट्रोकडे या दृष्टीने पाहावे. तिच्यासाठी जर्मनीच्या केएफडब्ल्यू बँकेने ५० कोटी युरोंचे आणि फ्रान्सच्या एएफडी संस्थेने १३ कोटी युरोंचे कर्ज दिले. डबे चीनच्या दालियन येथील कारखान्यातून आले. स्थानकांच्या छतांवर सौर पॅनेल बसवण्याचा विचार आरंभापासूनच झाला. प्रकल्पाचा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये पूर्ण होऊन शहराला उत्तम सेवा मिळाली, याबद्दल दुमत नाही. पण कर्ज फेडायचे आहे आणि तेही परकीय चलनात. बाकू येथे २०२४ साली झालेल्या परिषदेत विकसनशील देशांसाठी २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज डॉलर उभारण्याचे ठरले, तेव्हा भारताने ही रक्कम तोकडी असल्याचे सांगत तीव्र आक्षेप नोंदवला. तो रास्तच होता. हवामानाच्या नावाने येणाऱ्या सरकारी पैशाचा मोठा भाग अनुदान नसून कर्ज असतो, हे लक्षात घेतले तर आकड्यांचे तेज आणखी उतरते.

तिसऱ्या थरापर्यंत पोहोचलेले उदाहरणही नागपूरजवळच आहे. कोराडीच्या औष्णिक केंद्रात २०१५ ते २०१७ या काळात ६६० मेगावॉटचे तीन सुपरक्रिटिकल संच सुरू झाले. जुन्या २१० मेगावॉटच्या संचांच्या तुलनेत यात वाफेचा दाब व तापमान बरेच अधिक असते आणि तेवढ्याच विजेसाठी कोळसा कमी जळतो. या संचांची सामग्री लार्सन अँड टुब्रो आणि जपानच्या मित्सुबिशी हेवी इंडस्ट्रीज यांच्या संयुक्त कंपन्यांच्या हजीरा येथील कारखान्यांशी निगडित आहे. जपानी कंपनीने हे औदार्यापोटी केले नाही. भारतात मोठ्या प्रमाणावर मागणी होती आणि उत्पादन येथेच व्हावे, असा सरकारचा आग्रह होता. खरेदीदाराची ताकद असली की तंत्रज्ञान येते, हा त्याचा अर्थ. परंतु या यशाला दुसरी बाजू आहे. कार्यक्षम असला, तरी तो कोळसाच आहे. असा संच एकदा उभा राहिला की, पुढील किमान पंचवीस वर्षे त्याच्या धुराशी आणि राखेशी परिसराची गाठ बांधली जाते. कोराडी-खापरखेड्याच्या गावकऱ्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. कोणते तंत्रज्ञान घ्यायचे, हा प्रश्न ते कसे घ्यायचे, याइतकाच महत्त्वाचा आहे.

याउलट, जवळजवळ पैशाविना आलेली एक विद्या नागपूरकरांच्या जिवाशी अधिक संबंधित आहे. अहमदाबादेत २०१० च्या उष्णतेच्या लाटेत मोठी जीवितहानी झाली. त्यानंतर तेथील महापालिका, गांधीनगरची सार्वजनिक आरोग्य संस्था आणि अमेरिकेतील एनआरडीसी व एमरी विद्यापीठ यांनी मिळून २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा तयार केला. त्याच वर्षीच्या मे महिन्यात नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता. नागपूरने हा आराखडा २०१६ मध्ये आपलासा केला. आगाऊ इशारे, रुग्णालयांत थंड कक्ष, पाणपोया, दुपारी खुली उद्याने, रखरखत्या उन्हात काही चौकांतील सिग्नल बंद ठेवणे, असे हे साधे उपाय आहेत. यात पेटंट नाही, जकात नाही, सुटे भाग नाहीत. पण येथेही माणूस लागतोच. मे २०२४ च्या अखेरीस नागपुरातील एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश तापमान दाखवले आणि देशभर खळबळ उडाली. तो संवेदकाचा दोष होता, असा खुलासा हवामान खात्याला करावा लागला. यंत्राची निगा राखली नाही, तर तेच दिशाभूल करते, याचा हा धडा होता.

शेवटी एक गोष्ट आपण सोयीस्करपणे विसरतो. नागपूर केवळ घेणारे शहर नाही. येथील राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजे ‘नीरी’, १९५८ पासून काम करीत आहे. पाण्यातील फ्लोराइड तुरटी आणि चुन्याच्या साहाय्याने काढण्याचे ‘नालगोंडा तंत्र’ याच संस्थेने विकसित केले. ते टांझानिया, केनिया, इथिओपिया या देशांतही वापरले गेले. हा प्रश्न मूळचा आरोग्याचा. पण पाऊस लहरी होऊन विंधन विहिरी खोल जाऊ लागल्या की, फ्लोराइडचा धोका वाढतो आणि हवामानाशी त्याचे नाते जुळते. एका गरीब देशाने दुसऱ्या गरीब देशाला दिलेली ही विद्या आहे आणि तिच्यासाठी लागणारी सामग्री बाजारात मिळते. तरीही जेथे रोज मात्रा मोजून टाकणारा माणूस टिकला नाही, तेथे हे तंत्रही बंद पडले.

तात्पर्य, जागतिक व्यासपीठावर भारताने पेटंटची सवलत आणि कर्जाऐवजी अनुदान मागितलेच पाहिजे. तो आपला हक्क आहे. मात्र ती मागणी करताना घरचे करारही त्याच कसोटीवर घासून पाहायला हवेत. परदेशी सहकार्याच्या प्रत्येक प्रकल्पात स्थानिक आयटीआय आणि व्हीएनआयटीसारख्या संस्थांना प्रशिक्षणाचे निश्चित काम द्यावे. सुटे भाग किती वर्षे आणि कुठून मिळतील, हे लिहून घ्यावे. कंपनी निघून गेल्यास सेवा कोण चालवणार, याचे उत्तर पहिली गाडी येण्यापूर्वी तयार असावे. आणि महापालिकेची देयके वेळेवर चुकती होतील, अशी आर्थिक तरतूद आधी करावी. त्यासाठी कोणत्याही जागतिक परिषदेची वाट पाहावी लागत नाही!

आज नागपुरात विजेवर चालणाऱ्या बसगाड्या धावत आहेत. भारतातील अशा वाहनांच्या बॅटऱ्यांमधील सेल अजून प्रामुख्याने बाहेरून, त्यातही चीनमधून येतात. म्हणजे तोच प्रश्न नव्या रंगात पुन्हा दाराशी उभा आहे. हिरव्या बसचा धडा आपण घेतला की नाही, हे या बॅटऱ्या जुन्या होतील तेव्हा कळेल.