नकाशात आपलं शिवार शोधा

जळगावकर आणि धुळेकर मंडळींनो,

शहराच्या कडेला एकदा चक्कर मारून या. काल-परवापर्यंत जिथं कापूस होता, तिथं नंबर टाकलेले दगड रोवलेत. चुन्याच्या रेषा मारल्यात. काही ठिकाणी तर पऱ्हाट्या अजून उपटलेल्या नाहीत. जळगावात पिंप्राळा, मेहरूण, निमखेडी शिवारात असेच प्लॉट पडत गेले. धुळ्याची हद्द 2018 मध्ये वाढली. वलवाडी, महिंदळे, अवधान, चितोड, मोराणे ही गावं महापालिकेत आली. त्यांच्या शेतांचं पुढं काय, हा प्रश्न आता तुमच्या दारात आहे.

घरं लागतातच. पोराबाळांना छप्पर हवंच. शेती परवडत नाही म्हणून कुणी जमीन विकली, तर त्याला बोल लावू नका. पण सगळंच शिवार सिमेंटखाली जाऊ देऊ नका. त्याची झळ तुमच्याच घराला बसते.

आधी पाण्याचं बघा. नळाला रोज पाणी येत नाही, हे तुम्हाला सांगायला नको. मग आधार उरतो तो बोअरचा. शेतात पडलेला पाऊस मुरतो आणि तेच पाणी पुढं बोअरला लागतं. काँक्रीटवरचा पाऊस वाहून जातो. मग पावसाळ्यात सखल गल्लीत पाणी शिरतं आणि उन्हाळ्यात बोअर आटते.

दुसरं ऊन. आपल्याकडे मे महिन्यात पारा 44-45 अंशांवर जातो. दिवसभर तापलेल्या भिंती आणि रस्ते रात्रभर धग सोडतात. जवळ झाडं आणि ओली शेतं असली, तर हवा लवकर निवते. कूलर न परवडणाऱ्यांच्या पत्र्याच्या घरात म्हातारी माणसं आणि तान्ही लेकरं झोपतात. त्यांना हा फरक कळतो.

तिसरं ताट. असोदा, भादली, बामणोदची वांगी भरतासाठी सगळीकडे नावाजलेली आहेत. जळगावच्या भरीत वांग्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मेथी, पोकळा, कोथिंबीर तर दूरचा प्रवास सोसत नाहीत. मळा जवळ असला, तर सकाळी तोडलेली भाजी सकाळीच तुमच्या घरी येते. मळा लांब गेला, की भाजी शिळी येते आणि महाग पडते.

नीट आखून वसणं खान्देशाला नवं नाही. 1819 मध्ये ब्रिग्ज या इंग्रज अधिकाऱ्यानं धुळ्याची पेठ सरळ गल्ल्या आखून वसवली. आजही तिथं पत्ता गल्लीच्या नंबरानं सांगतात. पांझरेवरची फड पद्धत त्याहूनही जुनी. नदीला बंधारा घालायचा, शिवाराचे फड पाडायचे, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं आणि पाणी ठरल्या पाळीनं वाटायचं. जमीन ज्याची त्याची, पण पाण्याचा विचार सगळ्यांनी मिळून करायचा. शहर वाढवतानाही असाच विचार हवा. त्यासाठी तुम्ही काय करू शकता, ते सांगतो.

प्लॉट घेण्याआधी महापालिकेच्या नगररचना विभागातून झोन दाखला काढा. मंजूर ले-आउट डोळ्यांनी पाहा. जमीन शेती झोनमध्ये असली, तर एजंट म्हणेल, ‘लवकरच यलो, म्हणजे रहिवासी झोन, होणार आहे.’ नुसत्या ‘होणार आहे’वर पैसे देऊ नका.

पूररेषा विचारा. 2019 च्या ऑगस्टमध्ये पांझरेला आलेला पूर धुळेकर विसरलेले नाहीत. नकाशातल्या निळ्या पूररेषेच्या आतली जागा नदीची आहे. तिथं घर बांधू नका. तिथं झाडं आणि गवत राहू द्या.

कॉलनीचा ओपन स्पेस सांभाळा. 0.4 हेक्टर, म्हणजे साधारण एक एकर किंवा त्याहून मोठ्या ले-आउटमध्ये 10 टक्के जागा मोकळी ठेवावी लागते. तुमच्या कॉलनीची ती जागा कुठं आहे, हे शोधा. मोजून घ्या. दोन-चार घरांनी मिळून कडुनिंब, करंज लावा आणि पहिली तीन वर्षं पाणी घाला.

जुन्या झाडावर लक्ष ठेवा. शहरातलं झाड परवानगीशिवाय तोडता येत नाही. हा कायदा 1975 चा आहे. 50 वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडाला 2021 पासून वारसा वृक्ष मानतात. झाडावर तोडीची नोटीस दिसली, तर लगेच लेखी हरकत द्या.

स्वतःचं अंगण सगळं फरशीनं बुजवू नका. निदान एका झाडापुरती माती उघडी ठेवा. गच्चीवरचं पाणी गटारीत सोडण्याऐवजी शोषखड्ड्यात उतरवा.

भाजी घेताना जवळच्या मळ्यातली मागा. टोपली घेऊन बसलेल्या शेतकरी बाईशी दोन रुपयांसाठी घासाघीस करू नका. तिचा मळा टिकला, तरच ती जमीन शेती म्हणून राहील.

आता सगळ्यात महत्त्वाचं. शहराचा विकास आराखडा 1966 च्या कायद्यानं ठरतो. कुठं घरं, कुठं बाग, कुठं शेती, हे त्यात रंगवलेलं असतं. प्रारूप आराखडा जाहीर झाला, की हरकतीसाठी 30 दिवस मिळतात. तेवढ्यात अर्ज द्या आणि पोच घ्या. सुनावणीला बोलावलं, तर जा.

अर्जात साधं लिहा. नाले बुजवू नका. तलावाच्या कडेची जागा मोकळी ठेवा. चांगली काळी जमीन शेवटी घ्या, आधी शहरातल्या पडीक जागा वापरा. ज्याला शेतीच करायची आहे, त्याला रस्ता आणि माल विकायला जागा द्या.

शेतकऱ्याच्या बाजूनंही बोला. त्याच्या जमिनीवर बागेचं आरक्षण टाकायचं आणि वर्षानुवर्षं मोबदला द्यायचा नाही, हा अन्याय आहे. 10 वर्षांत जमीन घेतली नाही, तर मालक नोटीस देऊन आरक्षण उठवायला लावू शकतो. मग तुमची बागही जाते. म्हणून बाग मागताना त्याच्या मोबदल्यासाठी तरतूदही मागा.

या आठवड्यात एवढंच करा. नगररचना विभागात जाऊन तुमच्या भागाचा नकाशा पाहायला मागा. त्यात तुमचा नाला, तुमचा ओपन स्पेस आणि जवळचं शेत कुठल्या रंगात आहे, ते बघून लिहून घ्या. जाताना एखादा शेजारी आणि एखादा शेतकरी बरोबर न्या. तिघांनी मिळून पाहिलं, तर तिघांच्या सहीनं अर्जही देता येईल.