स्थळ हवंय की डेट? आधी ठरवा, मग साइट निवडा

शनिवारी संध्याकाळी इंदिरानगरच्या १२ व्या मेनवरच्या कोणत्याही कॅफेत डोकावून पाहा. एखाद्या टेबलावर दोघं जण जरा जास्तच ताठ बसलेले दिसतील. कॉफी गार होतेय, फोन उलटे ठेवलेत. ओळखायचं, पहिली भेट आहे!

त्या खुर्चीत मीही बसलेय. तासभर मस्त गप्पा झाल्या आणि मग तो म्हणाला, "लग्नाचा विचार अजून पाच वर्षं तरी नाही." त्याच आठवड्यात सांगलीहून आईचा फोन. "अगं, साइटवर तुझं नाव घातलंय. एकांनी पत्रिका मागितलीय." मला न सांगता! एकीकडे लग्नच नको असलेला मुलगा, दुसरीकडे मला न बघता पत्रिका मागणारी माणसं. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते. मला काय हवंय हे मीच कुणाला सांगितलं नव्हतं. आईलाही नाही.

म्हणून "कोणती साइट चांगली?" या प्रश्नाआधी "मला काय हवंय?" हा प्रश्न येतो.

साइट कशासाठी आहे ते बघा

शादी डॉट कॉम, जीवनसाथी, मराठी मॅट्रिमोनी या लग्नाच्या साइट्स. तिथे घरचेही प्रोफाइल बनवतात आणि बोलणीही करतात. जून २०१६ मध्ये केंद्र सरकारने अशा साइट्ससाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. आपली साइट लग्नासाठी आहे, डेटिंगसाठी नाही, हे तिने स्पष्ट लिहावं, सदस्यांची ओळख तपासावी आणि तक्रारींसाठी अधिकारी नेमावा, असं त्यात आहे. टिंडर, बंबल, हिंज ही डेटिंग अ‍ॅप्स. तिथे कुणाला गप्पा हव्या असतात, कुणाला नातं. बंबल डिसेंबर २०१८ मध्ये भारतात आलं, तेव्हा मुलगा-मुलगी जुळल्यावर पहिला मेसेज मुलीनेच करायचा असा त्याचा नियम होता. दोन्हींच्या मधलं आइल २०१४ मध्ये आपल्या बंगळुरूतच सुरू झालं, गंभीर नातं शोधणाऱ्यांसाठी.

पैसे भरण्याआधी अर्धा तास द्या

आधी फुकटचं खातं उघडा आणि चार गोष्टी तपासा.

१. ओळख तपासतात का? सेल्फी किंवा ओळखपत्र मागणारी साइट कटकटीची वाटते, पण तीच कटकट खोट्या माणसालाही होते.

२. तुमचा नंबर कुणाला दिसतो? आईने घातलेल्या प्रोफाइलवर माझा नंबर उघडाच होता. महिनाभर अनोळखी फोन येत होते, ऑफिसच्या मीटिंगमध्येसुद्धा. एकाने तर पगार विचारूनच बोलायला सुरुवात केली.

३. ब्लॉक आणि तक्रारीचं बटण पटकन सापडतं का?

४. बाहेर कसं पडायचं? फोनवरून अ‍ॅप काढलं म्हणजे खातं बंद होत नाही. प्रोफाइल तिथेच राहतं, आणि वर्गणी चालू असेल तर पैसेही कापले जातात. खातं बंद करायचा पर्याय सेटिंगमध्ये आधीच शोधून ठेवा.

हे सगळं जमलं आणि तुमच्या शहरातली, तुमच्याशी जुळणारी माणसं तिथे दिसली, तरच पैसे भरा. तेही एका महिन्याचे. "वर्षाचं घ्या, स्वस्त पडेल" याला भुलू नका.

भेटायला जाताना

आधी व्हिडिओ कॉल करा. पहिली भेट गजबजलेल्या जागी ठेवा. मी इंदिरानगर मेट्रो स्टेशनपासून चालत जाता येईल अशीच जागा निवडते. येणं-जाणं आपलं आपण. मैत्रिणीला लाइव्ह लोकेशन पाठवते. आणि समोरचा कितीही गोड बोलला तरी न भेटता पैसे मागितले, किंवा गुंतवणुकीची लिंक पाठवली, की विषय संपला. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. लाज वाटून थांबू नका, उशीर झाला की पैसे परत मिळणं अवघड होतं.

दिवाळीला घरी गेले तेव्हा आई आणि मी एकाच फोनवर डोकं खुपसून बसलो. जुनं प्रोफाइल काढलं, नवीन बनवलं. "मुलगी गृहकृत्यदक्ष" हे वाक्य मी खोडलं. "स्वयंपाक जेमतेम येतो" हे आईने घातलं. नंबर लपवला. कुणालाही होकार कळवण्याआधी मला विचारायचं, असं ठरलं. मीही एक कबूल केलं: कुणाला भेटायला जाताना आईला सांगून जायचं.

आयांनो, मुलांचं प्रोफाइल बनवायचंय? जरूर बनवा. फक्त मुलांना शेजारी बसवून.