चंद्रसेनाची उपसलेली तलवार

शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’चे गोपाळ गणेश आगरकरांनी केलेले भाषांतर ‘विकारविलसित’ या नावाने 1883 साली प्रसिद्ध झाले. आदल्याच वर्षी कोल्हापूर प्रकरणी आगरकर व टिळक मुंबईस डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस होते. ते प्रकरण वेडा ठरविलेल्या तरुण राजाचे आणि नाटक वेडाचे सोंग घेणाऱ्या राजपुत्राचे. हा योग मला नेहमीच विलक्षण वाटत आला आहे. या मराठी राजपुत्राचे नाव चंद्रसेन. शाहूनगरवासी मंडळीच्या गणपतराव जोशांनी ही भूमिका अतोनात गाजविली.

यातील एक प्रवेश मला वारंवार वाचावासा वाटतो. चुलत्याने बापाचा खून करून राज्य व राणी बळकावली, याविषयी आता शंका उरलेली नाही. तोच चुलता एकटा, गुडघे टेकून प्रार्थनेस बसला आहे. राजपुत्र मागे येतो, तलवार उपसतो आणि थांबतो. कारण काय, तर प्रार्थनेत मेला तर हा स्वर्गास जाईल. त्याला पापात रमलेला असतानाच गाठावा! डॉक्टर जॉन्सनला हे भाषण वाचण्यापलीकडचे भयंकर वाटले. कोलरिजच्या मते ती केवळ टाळाटाळीची सबब. मला कोलरिज पटतो. दया आली, हात धजेना, हे कबूल करण्यापेक्षा क्रूर कारण सांगणे राजपुत्राला सोपे गेले असावे. इकडे चुलत्याला पक्के ठाऊक आहे की, मुकुट व राणी सोडवत नाही तोवर आपली प्रार्थना व्यर्थ आहे. हे प्रेक्षकांना कळते, राजपुत्राला नाही.

मुडबीस येण्यापूर्वी दुसऱ्या एका गावी माझा एक विद्यार्थी होता. बांधावरच्या भांडणात त्याचा बाप गेला. “बापाचं रक्त आहे ना अंगात?” असे गाव त्याला विचारी. एकदा तो मारेकरी त्याला ओढ्यावर गाठ पडला. याच्या हाती कुऱ्हाड होती. त्याचे लहान पोर सोबत होते, म्हणून सोडला, असे याने गावात सांगितले. लोकांनाही ते पटले.

त्या रात्री तो माझ्याकडे आला. बराच वेळ उंबऱ्याशी बसून राहिला. मग खाली मान घालून म्हणाला, “गुरुजी, पोर नव्हतंच.”